दंडाचे माप आणि माणसाची ऐपत

प्राचीन रोममध्ये लुसियुस वेरातियुस नावाचा एक धनाढ्य आणि तितकाच उद्दाम गृहस्थ होऊन गेला. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या मध्यास रोमन लोकांनी आपले कायदे बारा फलकांवर लिहून काढले होते. त्यांत कोणी दुसऱ्याला शारीरिक इजा किंवा अपमान केल्यास पंचवीस आस दंड सांगितला होता. आस हे तांब्याचे नाणे. कायदा झाला त्या काळी पंचवीस आस ही भारी रक्कम होती. पुढे नाण्याची किंमत घसरली आणि दंड मात्र तोच राहिला. वेरातियुस रस्त्याने फिरे, समोर येणाऱ्या स्वतंत्र नागरिकाच्या थोबाडीत मारी आणि पुढे चालू लागे. मागून थैली घेऊन येणारा त्याचा गुलाम त्या नागरिकाच्या हातावर लगेच पंचवीस आस मोजून ठेवी. कायद्याचे तंतोतंत पालन! ही कथा ऑलुस गेलियुस या दुसऱ्या शतकातील लेखकाने नोंदवून ठेवली आहे. अशा प्रकारांमुळेच रोमन न्यायाधिकाऱ्यांनी ठरीव रकमेचा नियम बाजूला सारला आणि प्रत्येक प्रकरणात अपमानाचे मोल ठरवण्यासाठी पंच नेमण्याची पद्धत सुरू केली, असेही तो सांगतो.

या कथेत एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. दंड सर्वांना सारखा असणे म्हणजे रक्कम सारखी असणे, की त्या रकमेची झळ सारखी असणे? गरिबाच्या घरची चूल जी रक्कम विझवते, ती श्रीमंताच्या खिशातील चिल्लर असते. मग एकाच गुन्ह्याबद्दल दोघांकडून तेवढेच पैसे घेणारा कायदा समदर्शी म्हणावा काय? विसाव्या शतकात युरोपातील काही देशांनी या प्रश्नाचे उत्तर म्हणून दंडाची रक्कम अपराध्याच्या मिळकतीशी जोडली. परंतु हा विचार त्याहून फार जुना आहे आणि त्याच्या इतिहासात आपल्या ख्रिस्तसभेचाही, भल्या आणि बुऱ्या अशा दोन्ही अर्थांनी, वाटा आहे. त्या इतिहासाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

आरंभ पवित्र शास्त्रापासून करू. लेवीय या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात पापार्पणाचे नियम आहेत. काही विशिष्ट अपराधांबद्दल मेंढी किंवा शेळी अर्पण करावी. तेवढी ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ आणावे. अपराध एकच, प्रायश्चित्ताच्या मात्र तीन पायऱ्या, आणि तिन्ही पायऱ्यांवर मिळणारी क्षमा एकच. सपीठ आणणाऱ्याला अर्धीमुर्धी क्षमा मिळत नसे. बाळंतिणीच्या शुद्धीकरणाच्या विधीलाही हाच नियम होता. संत लूकच्या शुभवर्तमानात पवित्र मरिया आणि योसेफ बाळ येशूला मंदिरात घेऊन जातात तेव्हा पक्ष्यांच्या जोडीचा उल्लेख येतो, कोकराचा येत नाही. नाझरेथच्या त्या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती आपल्याला या एका उल्लेखावरून कळते. ऐपतीप्रमाणे माप बदलणाऱ्या नियमाचा आधार आपल्या प्रभूच्या मातापित्यांनीही घेतला होता.

मात्र त्याच मोशेच्या नियमशास्त्रात याच्या उलट भासणारा एक नियम आहे. निर्गमच्या तिसाव्या अध्यायात शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल अर्धा शेकेल द्यावा, श्रीमंताने अधिक देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये, असे सांगितले आहे. हा विरोध वरवरचा आहे. जिथे माणसाच्या जिवाचे मोल दाखवायचे आहे, तिथे सर्वांचे माप एक. कारण देवापुढे कोणाचा जीव महाग नाही की स्वस्त नाही. जिथे अपराध्याने वाहायचा भार ठरवायचा आहे, तिथे भार वाहणाऱ्याचे खांदे पाहिले जातात. चोरीची भरपाई हा आणखी तिसरा प्रकार. ज्याचा बैल चोरीला गेला त्याचे नुकसान चोर गरीब असो वा श्रीमंत, तेवढेच असते. म्हणून भरपाई नुकसानीच्या मापाने. नुकसानभरपाई आणि शिक्षा यांतील हा भेद ध्यानात ठेवला, तर पुढचा सारा इतिहास समजण्यास सोपा जातो.

सहाव्या शतकानंतर आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगी पापनिवेदनाची प्रथा युरोपभर नेली. तिच्यासोबत प्रायश्चित्तग्रंथ आले. कोणत्या पापाला किती दिवस, किती महिने, किती वर्षे उपवास, याच्या त्या याद्या होत. दीर्घ उपवास ज्याला झेपत नसे त्याला त्याऐवजी स्तोत्रपठण किंवा दानधर्म करण्याची मुभा मिळू लागली. काही ग्रंथांनी या दानाची रक्कम श्रीमंताला अधिक, बेताच्या स्थितीतील माणसाला कमी आणि दरिद्री माणसाला त्याहून कमी अशी ठरवून दिली. पापी माणसाची ऐपत पाहावी हा लेवीय ग्रंथातला विचार इथे पुन्हा अवतरला.

पण या बदली पद्धतीने एक चोरवाटही उघडली. दहाव्या शतकातील इंग्लंडच्या एका प्रायश्चित्तग्रंथात बलाढ्य सरदाराने सात वर्षांचा उपवास तीन दिवसांत कसा फेडावा, याची रीत दिली आहे. त्याने प्रथम बारा माणसे घ्यावीत आणि त्यांच्याकडून तीन दिवस उपवास करवून घ्यावा. मग एकशेवीस माणसांची टोळी सात वेळा जमवून प्रत्येकाकडून तीन-तीन दिवस उपवास करवून घ्यावा. हिशेब करून पाहावा: बारा आणि आठशे चाळीस मिळून ८५२ माणसे, त्यांचे तीन-तीन दिवस म्हणजे २५५६ उपवास. सात वर्षांचे दिवस भरले! ज्याच्या पदरी माणसे आहेत त्याचे पाप असे तीन दिवसांत फिटे आणि गरीब बापडा सात वर्षे पाणी-भाकरीवर राही. वेरातियुसचा थैलीवाला गुलाम जणू वेष पालटून ख्रिस्ती समाजात शिरला होता.

ख्रिस्तसभेने हे निमूट चालू दिले असे मात्र नाही. इ. स. ७४७ मध्येच क्लोवशो येथे कँटरबरीचे आर्चबिशप कथबर्ट यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या धर्मपरिषदेपुढे एका श्रीमंत गृहस्थाचे प्रकरण आले होते. इतरांनी माझ्यासाठी इतके उपवास, प्रार्थना आणि दाने केली आहेत, की मी आणखी तीनशे वर्षे जगलो तरी ते प्रायश्चित्त पुरून उरेल, असा त्याचा दावा होता. परिषदेने त्याचा धिक्कार केला. भाडोत्री प्रायश्चित्ताने देवाचा न्याय संतुष्ट होत असता, तर स्वर्गराज्यात शिरणे धनवंताला कठीण आहे असे प्रभूने का सांगितले असते, असा परिषदेच्या युक्तिवादाचा आशय होता. शिक्षा ही ज्याची त्याने सोसायची असते; ती विकत घेता आली की शिक्षा उरत नाही, हे आठव्या शतकातील त्या बिशपांना स्पष्ट दिसत होते.

या इतिहासाचे सर्वांत वेदनादायक पान १५१५ सालचे आहे. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचे बांधकाम आणि माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांच्या डोक्यावरील सावकारी कर्ज यांसाठी दंडविमोचनाची मोहीम काढण्यात आली. तिच्या सूचनापत्रात दर्जानुसार दर दिले होते: राजे, राण्या व आर्चबिशप यांच्यासाठी पंचवीस सुवर्ण गिल्डर, त्याखालच्या उमरावांसाठी दहा, मग सहा, व्यापाऱ्यांसाठी तीन, इतरांसाठी एक वा अर्धा. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने प्रार्थना व उपवास करावा, असेही म्हटले होते. म्हणजे ऐपतीनुसार माप इथेही होते! तरीही तो न्याय नव्हता, कारण मूळ हेतूच पैसा गोळा करण्याचा होता. १५१७ मध्ये ल्यूथरने जो आवाज उठवला त्याचे परिणाम आपण सारे जाणतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये दंडविमोचनातील पैशाच्या लोभाचा निषेध केला आणि १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेली सर्व दंडविमोचने रद्द केली. मिळकतीप्रमाणे मोजमाप केले की न्याय आपोआप होतो, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे पान जरूर वाचावे.

याच ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये प्रायश्चित्ताविषयी जे तत्त्व सांगितले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. पापाचे स्वरूप आणि पापनिवेदकाची शक्ती, या दोहोंकडे पाहून धर्मगुरूने प्रायश्चित्त द्यावे, असा तो दंडक. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ९८१ वा नियमही हेच सांगतो: पापांचे स्वरूप व संख्या पाहावी, पण निवेदकाची परिस्थितीही ध्यानात घ्यावी. आजारी म्हातारीला दहा मैल पायी यात्रा सांगायची नसते आणि लक्षाधीशाला एक मेणबत्ती लावून मोकळे करायचे नसते.

ऐहिक कायद्याच्या क्षेत्रात या विचाराचा मोठा टप्पा म्हणजे १५ जून १२१५ रोजी इंग्लंडच्या जॉन राजाने मान्य केलेली महासनद. तिच्या घडणीत कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँगटन यांचा हात होता. सनदेचे विसावे कलम म्हणते, की दंड अपराधाच्या प्रमाणात असावा, पण स्वतंत्र माणसाची उपजीविका, व्यापाऱ्याचा माल आणि कुळाची शेतीची साधने दंडापायी हिरावली जाऊ नयेत. आणि दंडाची आकारणी शेजारपाजारच्या सचोटीच्या माणसांनी शपथेवर करावी. बाविसावे कलम धर्मगुरूंविषयी आहे. त्यांचा दंड त्यांच्या स्वतःच्या मिळकतीवर ठरावा, ख्रिस्तमंदिराच्या उत्पन्नावर नव्हे. ही सनद राजाकडून सक्तीने घेतलेली आहे असे म्हणून पोप तिसरे इनोसंट यांनी त्याच वर्षी ती रद्द ठरवली, हे खरे. पण पुढच्याच वर्षी पोपचे प्रतिनिधी ग्वाला यांच्या मुद्रेनिशी ती सुधारून पुन्हा जारी झाली, हेही तितकेच खरे.

महासनदेने दंडाची कमाल मर्यादा सांगितली: गरीब उद्ध्वस्त होऊ नये. श्रीमंताला झळ कशी बसावी, हा दुसरा अर्धा प्रश्न शिल्लकच होता. त्याचे उत्तर दिवसांच्या हिशेबात सापडले. ब्राझीलच्या १८३० च्या फौजदारी संहितेत आणि त्यानंतर पोर्तुगालच्या १८५२ च्या दंडसंहितेत अपराध्याच्या दररोजच्या मिळकतीवरून दंड आकारण्याची कल्पना आढळते. पोर्तुगालच्या १८८६ च्या सुधारित संहितेतही ती कायम राहिली आणि ही संहिता पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातही लागू होती. आपल्या गोमंतकीय बांधवांच्या पूर्वजांना ही कल्पना अगदीच परकी नव्हती, असे म्हणता येईल.

या कल्पनेला पूर्ण रूप दिले ते उत्तर युरोपातील देशांनी. स्वीडनमधील लुंडचे प्राध्यापक योहान थ्युरेन यांनी तिची मांडणी केली. पण ती प्रथम अमलात आणली १९२१ मध्ये शेजारच्या फिनलंडने. १९१७ मध्ये स्वतंत्र झालेला आणि लगेच यादवी युद्धात होरपळलेला हा देश. चलनफुगवट्यामुळे कायद्यातील दंडाच्या रकमा कवडीमोल झाल्या होत्या. रोमच्या पंचवीस आसांची जी गत झाली तीच इथे झाली. १९३१ मध्ये स्वीडनने, १९३९ मध्ये डेन्मार्कने आणि १९७५ मध्ये पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांनी हाच मार्ग धरला.

या पद्धतीचे मर्म असे, की शिक्षा ठरवताना दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. पहिला, अपराध किती गंभीर आहे? त्यावरून दंडाच्या दिवसांची संख्या ठरते. दुसरा, एका दिवसाची रक्कम किती? ती मिळकतीवरून ठरते. युरो चलन आल्यानंतर फिनलंडमध्ये रूढ झालेला हिशेब साधा आहे. कर वजा जाता उरलेल्या मासिक मिळकतीतून २५५ युरो जगण्यापुरते सोडायचे आणि बाकीला साठाने भागायचे; पोसायच्या प्रत्येक माणसामागे आणखी काही सूट. समजा, एकाची मिळकत २०५५ युरो आहे. त्याचा एका दिवसाचा दंड ३० युरो झाला. दुसऱ्याची मिळकत ६०,२५५ युरो आहे. त्याचा दिवस १००० युरोंचा. दोघांनी एकच अपराध केला आणि दोघांना चौदा दिवसांचा दंड झाला, तर पहिला ४२० युरो भरील आणि दुसरा १४,००० युरो. न्यायालयाच्या दृष्टीने मात्र दोघांची शिक्षा एकच: चौदा दिवस.

फिनलंडमध्ये वेगमर्यादा फार ओलांडली तरी हाच दंड होतो. २००२ मध्ये नोकिया कंपनीचे अधिकारी अन्सी वान्योकी यांना ताशी ५० किलोमीटरच्या रस्त्यावर ७५ च्या वेगाने मोटरसायकल चालवल्याबद्दल सुमारे १,१६,००० युरो दंड झाला. पुढे त्यांची मिळकत बरीच घटली असल्याचे दिसून आल्यावर न्यायालयाने तो काही हजार युरोंवर आणला. माप खाली येण्याचा न्याय श्रीमंतालाही मिळतो, हे यातून दिसते. २०२३ मध्ये ओलांड बेटांवरील उद्योगपती अँडर्स विकलॉफ यांना ५० च्या जागी ८२ चा वेग गाठल्याबद्दल १,२१,००० युरो भरावे लागले. त्यांनी खेद व्यक्त केला आणि हा पैसा आरोग्यसेवेच्या कामी यावा अशी इच्छा बोलून दाखवली.

सर्वत्र असे सुरळीत घडले नाही. इंग्लंडने १९९१ च्या कायद्यान्वये ऑक्टोबर १९९२ पासून मिळकतीशी जोडलेल्या दंडाची पद्धत सुरू केली. एका एककाची किंमत चार पौंडांपासून शंभर पौंडांपर्यंत. जो मिळकतीचा तपशील देणार नाही त्याला वरचा दर लावला जाई. बटाट्याच्या चकत्यांचे रिकामे पाकीट रस्त्यावर टाकणाऱ्या एका माणसाला १२०० पौंड दंड झाला, तो अशा तपशिलाअभावीच. वृत्तपत्रांनी गहजब केला, न्यायाधीशांनी नापसंती दर्शवली आणि मे १९९३ मध्ये गृहमंत्री केनेथ क्लार्क यांनी ही पद्धत मोडीत काढण्याची घोषणा केली. पुरते वर्षभरही ती टिकली नाही. चांगले तत्त्व घाईने आणि आंधळेपणाने राबवले की त्याचीच बदनामी होते.

जर्मनीत दुसरी अडचण दिसून आली. दंड मिळकतीप्रमाणे ठरला तरी ज्याची मिळकतच तुटपुंजी आहे, तो तोही भरू शकत नाही. आणि न भरलेल्या प्रत्येक दिवसामागे एक दिवस तुरुंगवास ठरलेला. निराधार, व्यसनाधीन, बेघर माणसे अशा रीतीने तुरुंगात जात राहिली. अखेर फेब्रुवारी २०२४ पासून दंडाच्या दोन दिवसांमागे तुरुंगाचा एक दिवस असा बदल तिथे करण्यात आला.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडेही दर्जाप्रमाणे दंडाचा विचार प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सामान्य माणसाला जिथे एक कार्षापण दंड तिथे राजाला हजार, असे सांगितले आहे. चोरीबद्दलही वरच्या वर्णाला चढता दंड आहे. परंतु त्याच अध्यायात अपशब्दांबद्दलचा दंड बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या वर्णाप्रमाणे बदलतो आणि तिथे भार खालच्यांवर पडतो. जन्म पाहून ठरणारे माप आणि ऐपत पाहून ठरणारे माप यांत किती अंतर आहे, हे त्यावरून कळावे.

१८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा तयार करताना मेकॉले यांच्या आयोगाने हा पेच नेमका ओळखला होता. दंडाची एकच मर्यादा ठरवली, तर ती एक तर गरिबाचा नाश करील किंवा श्रीमंताला तिची भीती वाटणार नाही, असा त्यांच्या टिपणाचा आशय आहे. म्हणूनच १८६० च्या संहितेच्या ६३ व्या कलमात, जिथे मर्यादा सांगितलेली नाही तिथे दंड अमर्याद असू शकेल पण तो अवाजवी नसावा, असे शब्द आले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तत्त्व कायम आहे आणि काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा नव्याने आली आहे. मात्र असंख्य कायद्यांत ठरीव रकमाच आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याविना वाहन चालवण्याचा दंड ५०० वरून ५००० रुपये झाला. रोजी ५०० रुपये कमावणाऱ्या मजुराला ही दहा दिवसांची मजुरी. महिना पाच लाख मिळवणाऱ्याला एका दिवसाच्या मिळकतीचा तिसरा हिस्साही नाही.

फिनलंडची पद्धत उचलून आपल्याकडे आणावी, असे आम्ही म्हणत नाही. तिथे प्रत्येकाच्या मिळकतीची नोंद करखात्याकडे असते. आपल्याकडे रोजंदारीवरचा मजूर, मासेमार, भाजी विकणारी बाई यांच्या मिळकतीची नोंद कोठून आणावी? आणि ज्यांच्या नोंदी आहेत त्यांच्या खऱ्या असतील याची हमी कोणी द्यावी? तथापि न्यायाधीशाने दंड ठोठावण्यापूर्वी समोरच्या माणसाला, तुझे पोट कशावर चालते, तुझ्यावर किती माणसे अवलंबून आहेत, एवढे विचारण्यास नोंदवही लागत नाही. दंड भरता न आल्यामुळे तुरुंगात राहिलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये एक योजना आणली आणि शिक्षा झालेल्या कैद्याचा २५,००० रुपयांपर्यंतचा दंड भरण्याची तीत तरतूद केली. अशी योजना आणावी लागली, यावरूनच या प्रश्नाचे गांभीर्य कळते. आपल्या धर्मग्रामात कोणाचा मुलगा वा धनी केवळ काही हजार रुपयांपायी आत अडकला असेल, तर त्याच्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारापर्यंत नेणे हेही दयाकर्मच आहे. बंदिवानांची भेट घेणे हे आपल्याला लहानपणीच शिकवले आहे.

यरिहोच्या जक्कयाने प्रभूपुढे उभे राहून दोन गोष्टी जाहीर केल्या होत्या. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देईन, ही पहिली फेड नुकसानीच्या मापाने. आणि माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, ही दुसरी त्याच्या ऐपतीच्या मापाने. कोणत्याही न्यायालयाने त्याला हा दंड केला नव्हता आणि त्याने तो दुसऱ्या कोणाकडून भरवूनही घेतला नाही. कायदा माणसाकडून फार तर पहिल्या प्रतीची फेड वसूल करू शकतो, आणि शहाणा असेल तर दुसरीचा थोडासा अंश. बाकीचे ज्याच्या त्याच्या अंतःकरणावर सोपवलेले आहे. पण कायद्याने निदान एवढे तरी पाहावे, की गरिबाचा दंड त्याच्या मुलांच्या ताटातून जाऊ नये आणि श्रीमंताचा दंड त्याच्या नोकराच्या थैलीतून.